पेठ कुठली? वुल्व्हरहॅम्प्टनच्या फायनलचे चार दिवस

शुक्रवार, 29 मार्च 2024

कोल्हापुरात फुटबॉलची मॅच बघायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच विचारतात: पेठ कुठली? मंगळवार पेठ म्हणालात की तुम्ही पाटाकडील तालमीच्या संघाचे, शिवाजी पेठ म्हणालात की शिवाजी तरुणचे किंवा खंडोबाचे. 'मी नुसता खेळ बघायला आलोय' हे उत्तर आमच्याकडं चालत नाही. असं म्हणणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर पोलीस.

हे आठवायचं कारण म्हणजे सकाळी साडेअकरा वाजता लंडनच्या हॅरोतल्या घराच्या दारात माझ्या नातीनं मला हाच प्रश्न विचारला. नात म्हणजे भाचीची मुलगी, वय वर्षं नऊ. अंगात लाल जर्सी, पाठीवर 9 आणि खेळाडूचं नाव, 'मीड'. तिच्या बापाच्या गळ्यात निळा मफलर. एकाच घरात एक आर्सेनल, एक चेल्सी, आणि मधे भाची दोघांचे डबे भरतेय.

"आजी, तू कोण सपोर्ट करतेस?"

"मी पाहुणी आहे," म्हटलं.

"पण तू *आमची* पाहुणी आहेस ना," असं म्हणून तिनं एक लाल टोपी माझ्या डोक्यावर चढवली. जावईबापूंनी गाडीत बसताना ती अलगद काढली आणि डिकीत टाकली.

फायनल रविवारी, लंडनच्या याच दोन क्लबांची, आर्सेनल विरुद्ध चेल्सी, वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोलिन्यू मैदानावर. इंग्लंडच्या महिला लीग कपची. ही स्पर्धा 2011 मध्ये महिला सुपर लीगबरोबरच सुरू झाली आणि पहिला कप आर्सेनलनं नेला. त्यानंतर आजवर हा कप आर्सेनल, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी या तीन घरांबाहेर गेलेला नाही. गेल्या वर्षीची फायनलही याच दोघींची होती, लंडनच्या सेलहर्स्ट पार्कवर. चेल्सीनं सुरुवातीलाच गोल केला आणि शेवटी आर्सेनलनं 3-1 नं जिंकली. जावईबापू तो विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात.

यंदा चेल्सीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती. 2012 पासून संघ सांभाळणाऱ्या एमा हेज हा मोसम संपला की अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडं निघाल्या आहेत. जाता जाता चारही कप घेऊन जायचे, असा चेल्सीवाल्यांचा बेत. "चारातला पहिला रविवारी," जावई म्हणाले. भाची म्हणाली, "आधी रस्ता तर सुटू दे."

रस्ता काही सुटेना. गुड फ्रायडे, म्हणजे अख्खं इंग्लंड कुठं ना कुठं निघालेलं. एम-40 महामार्गावर गाड्यांची शेपूट. दोन-सव्वादोन तासांचं अंतर, आम्हाला साडेचार तास लागले. वाटेत थांबून गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या गाडीत एक बाई आणि तीन मुली, तिघी लाल जर्सीत. माझ्या नातीनं काचेतून हात हलवला, त्यांनीही हलवला. तोंडओळख नाही, पण पेठ एक. हे मला कळतं.

बर्मिंगहॅमला पोचलो तेव्हा चार वाजले होते. त्या दिवसाचं एवढंच.

शनिवार, 30 मार्च

आज रंगपंचमी. पुण्या-मुंबईचे लोक धुळवडीलाच रंग खेळून मोकळे होतात, आम्ही कोल्हापूरकर पंचमीपर्यंत थांबतो. सकाळी फोन उघडला तर आमच्या गल्लीतला व्हिडिओ: बॅरल, पाइप, हिरवी-जांभळी तोंडं, मागं डॉल्बी. इथं खिडकीबाहेर करडं आभाळ आणि एक माणूस कुत्र्याला फिरवतोय.

नातीकडं उद्यासाठी आणलेली तोंडाला लावायची रंगकांडी होती. म्हटलं, आण इकडं. तिच्या एका गालावर लाल ओढला, जावईबापूंच्या कपाळावर निळा. उरलेला दोघांनी मिळून मला फासला. गेली पन्नास वर्षं मी रंगपंचमी चुकवलेली नाही, हीसुद्धा चुकली नाही.

तोंडं धुऊन शहर बघायला निघालो. बर्मिंगहॅम कालव्यांचं गाव. व्हेनिसपेक्षा आमचे कालवे लांब, असं इथले लोक सांगतात. गॅस स्ट्रीटजवळ लांबट, अरुंद, फुलांच्या कुंड्या ठेवलेल्या नावा उभ्या होत्या. छान आहे. पण मला खरं थांबवलं ते न्यू स्ट्रीट स्टेशनातल्या बैलानं.

दहा मीटर उंच यांत्रिक बैल. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनाला तो मैदानात आणला होता, नंतर लोकांनी हट्ट धरून तो ठेवून घेतला. अधूनमधून मान हलवतो, डोळे फिरवतो. आपल्या बेंदराला आणला असता तर पहिला नंबर नक्की. त्या उद्घाटनात त्याला साखळ्यांनी ओढत आणणाऱ्या बाया दाखवल्या होत्या. त्या साखळी घडवणाऱ्या कामगार बाया म्हणजे याच भागातल्या. इथून जवळच क्रॅडली हीथ म्हणून गाव आहे. तिथल्या बाया घरामागच्या भट्टीवर लोखंडी साखळ्यांच्या कड्या ठोकायच्या, कडेवरच्या पोराला बाजूला निजवून. 1910 मध्ये त्यांनी दहा आठवडे संप केला आणि किमान वेतन पदरात पाडून घेतलं. मेरी मॅकआर्थर त्यांची पुढारी.

हे मी नातीला सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या फुटबॉल खेळायच्या?"

खेळायच्या. क्रॅडली हीथच्या बायांचं मला माहीत नाही, पण प्रेस्टनच्या खेळायच्या. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा कारखान्यांत दारूगोळा करायला बाया आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पायात चेंडू आला. डिक, कर या कारखान्याच्या पोरींचा संघ एवढा नावाजला की 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला 53,000 लोक आत होते आणि हजारो बाहेर राहिले. वर्ष पुरं व्हायच्या आत, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं फर्मान काढलं: हा खेळ बायकांना शोभत नाही, क्लबांनी त्यांना आपली मैदानं द्यायची नाहीत. मनाई जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. बाया खेळत राहिल्या, पण बागेत, रग्बीच्या मैदानात, जिथं जागा मिळेल तिथं.

मला यात 'शोभत नाही' हा शब्द फार ओळखीचा वाटतो. लहानपणी शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या घरातून आरडाओरडा ऐकू यायचा. गोल कुणाचा झाला हे आवाजावरून कळायचं. मोठा भाऊ गॅलरीत, बारका भाऊ भिंतीवर, आणि आम्ही बहिणी शेजाऱ्यांच्या गच्चीवर, तिथनं फक्त एक गोलपोस्ट दिसायचा. म्हणजे माझ्या आयुष्यातलं निम्मं फुटबॉल मी अर्ध्या मैदानाचं बघितलंय. आता आमच्याकडं मुलींचे संघ आहेत, पोरी चांगल्या खेळतात. पण पेठेचा झेंडा आणि फटाके अजून पोरांच्याच मॅचला.

दुपारी जावईबापूंना सांगलीचा उमाळा आला. ते मूळचे सांगलीचे. त्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरनं याच बर्मिंगहॅममध्ये उचललं, वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य. वडिलांची सांगलीत पानपट्टी. एजबॅस्टनवर बायकांच्या क्रिकेटच्या फायनलला स्मृती मानधना होती, तीही सांगलीची. कोल्हापूरचं कोण होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आमचा अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात खेळला, तेव्हा सांगली कुठं होती? भाची म्हणाली, "इथं तरी नको." आम्ही थांबलो.

संध्याकाळी स्पार्कहिलला बाल्टी खायला गेलो. बाल्टी म्हणजे बादली नव्हे. पातळ पत्र्याच्या कढईत मोठ्या आचेवर भरभर परतलेलं मटण-चिकन, त्याच कढईत समोर आणून ठेवतात, चमचा नाही, नान तोडून खायचं. सत्तरच्या दशकात इथल्या पाकिस्तानी आणि काश्मिरी हॉटेलवाल्यांनी हा प्रकार रुळवला. रमजान चालू होता. आम्ही पावणेसातला पोचलो आणि सगळी टेबलं एकदम भरली, सगळ्यांच्या हातात खजूर. मालकानं आमच्यापुढंही खजुराची बशी सरकवली. कढईची चव चांगली, पण तांबड्या रश्श्याची सर नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. नान मात्र उशीएवढा.

रविवार, 31 मार्च

रात्री कुणीतरी एक तास चोरून नेला. इथं मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात. फोनचं घड्याळ आपोआप सरकलं, माझ्या मनगटावरचं तसंच. म्हणून मी निवांत चहा घेत बसले आणि बाकीचे बूट घालून दारात.

वुल्व्हरहॅम्प्टनला ट्रामनं गेलो. पाऊण तासाचा प्रवास, आणि मला वाटतं या सहलीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच. सोहो, हँड्सवर्थ, वेस्ट ब्रॉमविच, वेन्सबरी, बिल्स्टन. वेस्ट ब्रॉमविचपासून पुढचा सगळा 'ब्लॅक कंट्री' म्हणजे काळा मुलूख: कोळसा, भट्ट्या, धूर, त्यावरून नाव पडलेलं. आता भट्ट्या नाहीत, गोदामं आहेत. मधेच एखादा गुरुद्वाऱ्याचा घुमट. एका स्टॉपला पगडीतले एक आजोबा चढले, शेजारी दहा-अकरा वर्षांची नात निळ्या जर्सीत. माझ्या नातीनं तिच्याकडं बघितलं, तिनं हिच्याकडं. दोघींनी तोंडं फिरवली. आजोबा आणि मी एकमेकांकडं बघून हसलो.

द हॉथॉर्न्स स्टॉपला जावईबापूंनी बोट दाखवलं. हे वेस्ट ब्रॉमचं मैदान. वेस्ट ब्रॉम आणि वुल्व्हज, म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ, यांचं हाडवैर, मधे काही मैल. जानेवारीतच इथं दोघांच्या पुरुषांच्या संघांची एफए कपची मॅच होती, गॅलरीत मारामारी झाली आणि खेळ अर्ध्या तासाहून जास्त थांबवावा लागला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर घरची आठवण झाली.

वुल्व्हरहॅम्प्टनला उतरलो तर गाव मिटलेलं. ईस्टरच्या रविवारी इथं कायद्यानंच मोठी दुकानं बंद असतात. मोकळ्या रस्त्यावर नुसते लाल आणि निळे घोळके. क्वीन स्क्वेअरमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. गावची माणसं त्याला राजपुत्र वगैरे म्हणत नाहीत, 'घोड्यावरचा माणूस' म्हणतात. बिंदू चौकात भेटू म्हणतो तसं इथं त्याच्याखाली भेटतात. त्याच्या पायथ्याशी एक बाई दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधत होती, रांगेत सहा मुली. सगळ्यांचं डोकं एकाच फणीनं चाललेलं.

मोलिन्यू गावाच्या पोटातच आहे. चौकातून उतारानं खाली गेलं की समोर मैदान. ही गोष्ट मला फार आवडली, कारण शाहू स्टेडियमही असंच आहे, वस्तीच्या मधोमध. बाहेर बिली राइटचा पुतळा, चेंडू घेऊन पळत निघालेला. इंग्लंडकडून 105 सामने, शंभरी गाठणारा जगातला पहिला माणूस. डिसेंबर 1954 मध्ये याच मैदानावर, प्रकाशझोतात, वुल्व्हजनं हंगेरीच्या होनवेद संघाला, पुश्कासच्या संघाला, दोन गोलांनी मागं पडून 3-2 नं हरवलं. इंग्लिश पेपरांनी 'जगज्जेते' म्हणून डंका पिटला. फ्रेंचांना ते सोसवलं नाही, 'मग सगळ्या देशांच्या विजेत्यांची स्पर्धाच घेऊ या' म्हणाले, आणि पुढच्या वर्षी युरोपियन कप सुरू झाला, तोच पुढं चॅम्पियन्स लीग झाला. म्हणजे चॅम्पियन्स लीगची नाळ या गावात पुरलेली आहे.

पण ते वर्ष बघा. 1954. मनाई चालू होती. पुश्कास इथं खेळू शकत होता, गावातली पोरगी नाही.

आत शिरलो. पायऱ्या चढून वर आलं की एकदम समोर हिरवं मैदान उघडतं. ऑक्टोबर 2022 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटीलवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल बघितली होती, स्पेन विरुद्ध कोलंबिया, तेव्हाही छातीत असंच झालं होतं. त्याच वर्षी जानेवारीत महिलांचा आशिया कप मुंबई-पुण्यात होता. आपला संघ इराणशी एक मॅच बरोबरीत खेळला आणि करोनानं एवढ्या मुली आजारी पडल्या की दुसऱ्या मॅचला संघच उभा राहिना. स्पर्धेतून बाहेर. घरच्या मैदानावर, न हरता. त्या रात्री मी जेवले नव्हते. ते कुणाला सांगितलं नाही कधी, इथं लिहिते.

आमच्या ओळीत लाल-निळे मिसळलेले. माझ्या डाव्या बाजूला नात, उजवीकडं एक सत्तरीच्या बाई एकट्याच आलेल्या, थर्मास घेऊन. त्यांनी विचारलं, कुठून आलात? इंडिया म्हटलं. "या मॅचसाठी?" म्हटलं, हो. खरं तर मी भाचीकडं दोन महिने राहायला आलेय, पण 'हो' म्हणताना फार बरं वाटलं.

तीनला खेळ सुरू. सुंदर मॅच होती असं मी म्हणणार नाही. दोन्ही संघ एकमेकांना पुरते ओळखून होते, त्यामुळं कुणी कुणाला जागा देईना. मधल्या फळीत नुसती रेटारेटी. फायनल अशाच असतात, आमच्याही. टीव्हीवर दिसत नाही ते इथं ऐकू येतं: बुटावर बूट आपटल्याचा आवाज, गोलकीपरची हाक. चेल्सीची एरिन कथबर्ट, स्कॉटलंडची, अंगानं एवढीशी, पण मैदानात सगळीकडं. आमच्या गल्लीत अशा पोराला 'भिंगरी' म्हणतात. मी मनातल्या मनात तिच्या बाजूनं झाले. नातीला सांगितलं नाही.

पूर्वार्ध शून्य-शून्य. उत्तरार्ध शून्य-शून्य. नव्वद मिनिटं संपून वरची मिनिटं चालू होती आणि लोक टायब्रेकरचं बोलायला लागले होते.

तेवढ्यात आर्सेनलची 12 नंबरची मुलगी खाली पडली. फ्रिदा मानुम, नॉर्वेची, चोवीस वर्षांची. चेंडू तिच्यापाशी नव्हता, कुणाचा धक्काही लागलेला दिसला नाही. उभी होती, ती पडली. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग तिच्या जवळच्या मुली ज्या तऱ्हेनं हात हलवून डॉक्टरांना बोलवायला लागल्या ते बघून आलं.

एवढ्या माणसांचा आवाज बंद होतो तेव्हा काय ऐकू येतं? वर कुठंतरी झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. माझ्या शेजारच्या बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट धरून ठेवलं होतं. सगळ्यांना तेच आठवत असणार, 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन भर मॅचमध्ये पडला होता ते. लाल जर्सीवाल्या, निळ्या जर्सीवाल्या, सगळ्या मुली घोळक्यानं उभ्या, काहींची तोंडं दुसरीकडं. नातीनं माझा हात धरला. "आजी, ती झोपलीय का?" काय सांगणार? म्हटलं, डॉक्टर आलेत ना.

बरीच मिनिटं गेली. मग स्ट्रेचरवरून तिला नेलं आणि अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. निळं टोकही. टाळ्या थांबेनात, कारण थांबवल्यावर काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

आणि पुन्हा खेळायचं होतं. जादा वेळ, तीस मिनिटं. त्या मुलींनी ते कसं केलं मला अजून समजत नाही. ज्या मैत्रिणीला आत्ता उचलून नेलंय तिची जागा दुसरीनं घ्यायची, मोजे वर ओढायचे आणि कॉर्नर घ्यायचा.

शहाण्णवावं मिनिट. स्टिना ब्लॅकस्टेनियस, स्वीडनची फॉरवर्ड. चेंडू तिच्याकडं आला एवढं दिसलं, मग पुढची ओळ उठली, तिच्या पुढची उठली आणि मला फक्त जाळं हललेलं दिसलं. शेजाऱ्यांच्या गच्चीवरनं अर्धं मैदान बघायची सवय इथं कामाला आली: आवाजावरून कळलं गोल कुणाचा. नात खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती. मी पण ओरडत होते. काय ओरडत होते? 'आई अंबाबाई!' पलीकडच्या दोन खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. जावईबापूंनी मफलर तोंडावर घेतला होता.

त्यानंतर चेल्सीनं जीव खाऊन रेटा लावला. घड्याळ रेंगाळलं. शेवटी शेवटी समोरच्या साइडलाइनपाशी काहीतरी गडबड झाली, थ्रो-इनवरून. कथबर्ट आणि आर्सेनलचे प्रशिक्षक योनास आयडेव्हॉल यांची शब्दाशब्दी झाली. लांबून नुसते हात दिसले. मग शिट्टी. 1-0. आर्सेनलचा सातवा लीग कप.

प्रेक्षकसंख्या 21,462. या कपच्या फायनलला इतके लोक याआधी कधी आले नव्हते. माझ्या शेजारच्या बाई आकडा ऐकून काही बोलल्या नाहीत. थर्मासमधला उरलेला चहा त्यांनी झाकणात ओतला आणि मला दिला. त्यांच्या वयाचा हिशेब मी मनात केला: त्या शाळेत होत्या तेव्हा मनाई होती. त्या खेळल्या असतील का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. याची चुटपुट लागून राहिली.

परतीच्या ट्राममध्ये सगळ्यांच्या माना फोनमध्ये. आधी बातमी मानुमची: शुद्धीवर आहे, प्रकृती स्थिर. ट्रामच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ती तोंडी फिरली. मग दुसरा व्हिडिओ आला. मॅच संपल्यावर हस्तांदोलन करताना एमा हेजनी आयडेव्हॉलना ढकललं. हो, ढकललं. नंतर त्या म्हणाल्या, साइडलाइनवर पुरुषी आक्रमकपणाला जागा नाही. ते म्हणाले, हा शिक्का बेजबाबदार आहे, मी फक्त चेंडूबद्दल बोललो: बाहेर गेला तरी तोच एक चेंडू वापरायचा हा चेल्सीचाच आग्रह होता ना, मग आता घाई कशाला?

जावई आणि भाचीचं त्यावरून बर्मिंगहॅमपर्यंत वाजलं. नात दोघांच्या मधे झोपली, गालावर लाल रंग ओघळलेला.

सोमवार, 1 एप्रिल

सकाळी मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पेपर विकत घेतले. मला ब्लॅकस्टेनियसचा फोटो हवा होता, नातीच्या खोलीत लावायला. मागची पानं उलटली. हेज. आयडेव्हॉल. हेज आणि आयडेव्हॉल. ढकलल्याचा फोटो एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. गोल कुणी केला ते खाली, बारक्या अक्षरात.

मला राग आला, सांगते. एकशेवीस मिनिटं धावल्या पोरी, त्यातली एक मैदानात कोसळली, तरी बाकीच्या उभ्या राहून खेळल्या, आणि पान कुणी खाल्लं तर कोटवाल्यांनी. दुकानदार गुजराती होता. मी पेपर उलटेपालटे करतेय बघून म्हणाला, "बेन, क्रिकेट का नहीं है आज." म्हटलं, क्रिकेटचं नाही बघत.

भाचीचं मत वेगळं. ती म्हणाली, "मावशी, तू कोल्हापूरची असून हे बोलतेस? फायनलला कोच भांडले नाहीत तर पेपरवाले दुसऱ्या दिवशी छापणार काय? पुरुषांचं छापतात तसंच हे छापलं. पूर्वी तर आकडासुद्धा छापत नव्हते." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. राग मात्र गेलेला नाही.

परतताना एम-40 मोकळा होता. लाल टोपी डिकीतून माझ्या मांडीवर आली होती, कशी ते माहीत नाही.

हॅरोला पोचून चहा टाकतेय तोवर कोल्हापुरातनं मोठ्या भावाचा फोन. परवापर्यंत आमच्यात साडेपाच तासांचं अंतर होतं, आता साडेचार. तो म्हणाला, "तुमचं घड्याळ बदललं म्हणं. तरीच काल मला मॅच लवकर सुरू झाल्यासारखी वाटली."

म्हटलं, तू बघितलीस?

"बारक्यानं फोनवर लावून दिली. आवाज नव्हता." मग थोडा थांबला. कोण जिंकलं, किती माणसं होती, तुझी पेठ कुठली, यातलं काहीतरी विचारेल म्हणून मी वाट बघत होते.

"ती पडली ती पोरगी कशी आहे गं?"

"शुद्धीवर आहे. बरी आहे म्हणतात."

"हां," तो म्हणाला. "आम्ही इथं सगळे उभेच होतो की."